डिजिटल पेमेंटच्या नोंदी किती वर्षं जपायच्या? दुकानदार, डॉक्टर आणि छोट्या कंपन्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यूपीआय, कार्ड, एनईएफटी, आरटीजीएस यांतून आलेल्या पैशांचा हिशेब ठेवताना छोटे व्यापारी आणि व्यावसायिक जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ती भारतातल्या कायद्यांना धरून आहेत. नोटीस हातात पडल्यावर धावाधाव करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा धंदा चोख असतो. पैसे कशाचे आले हे त्यांना तोंडपाठ असतं, पण कागदावर दाखवता येत नाही आणि दंड मात्र बसतो. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडला आहे.

एका वाक्यात सांगा, किती वर्षं?

एका वाक्यात सांगता येत नाही, कारण प्रत्येक कायद्याचं घड्याळ वेगळ्या तारखेपासून सुरू होतं. २०२३-२४ हे आर्थिक वर्ष घेऊन पाहू.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे, त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने नोंदी ठेवाव्या लागतात. २०२३-२४ ची ती तारीख होती ३१ डिसेंबर २०२४. म्हणजे नोंदी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हव्यात. व्यवहार एप्रिल २०२३ मधला असेल, तर प्रत्यक्षात पावणेआठ वर्षं झाली. ‘सहा वर्षं’ हा आकडा लक्षात ठेवून व्यवहाराच्या तारखेपासून मोजणारे इथेच फसतात.

आयकराच्या नियम ६एफ प्रमाणे, संबंधित करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचं वर्ष) संपल्यापासून सहा वर्षं. २०२३-२४ चं करनिर्धारण वर्ष ३१ मार्च २०२५ ला संपलं, म्हणून मुदत ३१ मार्च २०३१ पर्यंत. हा नियम मुळात डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा व्यावसायिकांसाठी आहे. पण व्यापारीही तोच हिशेब धरून चालतात आणि तेच शहाणपणाचं आहे. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो. त्याआधीच्या वर्षांचे प्रश्न मात्र जुन्याच कायद्याने सुटतात, त्यामुळे ‘आता नवा कायदा आला’ म्हणून जुनी दफ्तरं रद्दीत घालू नका.

कंपनी असेल तर कंपनी कायदा, २०१३ चं कलम १२८ लागतं: चालू वर्षाच्या आधीची आठ आर्थिक वर्षं, व्हाउचरांसकट. २०२३-२४ च्या नोंदी ३१ मार्च २०३२ पर्यंत ठेवायच्या.

तुम्हाला जितके कायदे लागू होतात, त्यांतली सगळ्यात उशिराची तारीख धरायची. बॉक्सवर किंवा फोल्डरच्या नावातच ती लिहून टाका: ‘२०२३-२४, ३१-३-२०३१ पर्यंत ठेवणे’.

बिलबुक आहे, बँकेचं स्टेटमेंट आहे. पेमेंटची वेगळी नोंद कशाला?

कारण बिलावरचा आकडा आणि बँकेत जमा झालेला आकडा सहसा जुळत नाही, आणि का जुळत नाही याचं उत्तर त्या दोन्ही कागदांवर नसतं.

समजा, गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड स्वाइप करून १०,००० रुपये दिले. बँकेचा दर १ टक्का असेल, तर १०० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्क्यांनी १८ रुपये जीएसटी कापला जातो. दुसऱ्या दिवशी खात्यात येतात ९,८८२. त्या दिवशी कार्डाने असे वीस व्यवहार झाले असतील, तर बँकेत वीस नोंदी नसतात. सगळ्यांची मिळून एकच रक्कम जमा होते. ती रक्कम कोणत्या वीस बिलांची, त्यातून किती कापलं, कोणता व्यवहार परत गेला हे फक्त सेटलमेंट रिपोर्टमध्ये, म्हणजे बँक किंवा पेमेंट कंपनी देते त्या जमा-कपातीच्या तपशिलात असतं. बिल आणि बँक यांना जोडणारा दुवा तोच, आणि तोच कुणी जपत नाही.

रोजमेळात विक्री १०,००० लिहायची असते. ९,८८२ नव्हे. १०० रुपये बँक शुल्काच्या नावे पडतात आणि १८ रुपयांचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट), तुम्ही नोंदणीकृत असाल आणि बँकेचं जीएसटी बिल असेल तर, मागता येतं. बँकेत आलेला आकडा तसाच विक्री म्हणून लिहीत गेलात, तर वर्षाला ५० लाखांच्या कार्डविक्रीवर याच दराने ५९,००० रुपयांची उलाढाल कमी दिसते. चोरीचा हेतू नसतानाही हा फरक चोरीसारखाच दिसतो.

३१ मार्चच्या रात्रीचे व्यवहारही याच कारणाने घोटाळा करतात. विक्री ३१ मार्चची, पैसे जमा १ किंवा २ एप्रिलला. विक्री जुन्या वर्षातच धरायची, आणि ते दाखवायला त्या दिवसाचा सेटलमेंट रिपोर्ट हवाच.

मग नेमकं काय काय ठेवायचं?

विक्रीचं बिल आणि त्यावर पेमेंटचा प्रकार. पेमेंटचा संदर्भ क्रमांक: यूपीआयचा १२ अंकी, एनईएफटीचा १६ आणि आरटीजीएसचा २२ अक्षर-अंकांचा यूटीआर. रोजचा किंवा निदान महिन्याचा सेटलमेंट रिपोर्ट. बँकेचं स्टेटमेंट. शुल्काचं जीएसटी बिल. परतावे आणि क्रेडिट नोट. पेमेंट कंपनीबरोबरचा करार आणि त्यातल्या दरबदलाचे ईमेल.

दर पाच-दहा रुपयांच्या चहाला संदर्भ क्रमांक लिहीत बसा, असं इथे कुणी म्हणत नाही. टपरीवाल्याने दिवसाची यूपीआयची एकूण विक्री रोजमेळात एका ओळीत लिहिली आणि त्या दिवसाची यादी अ‍ॅपमधून काढून ठेवली तरी काम भागतं. दुकानात मात्र बिलावर संदर्भाचे शेवटचे चार-पाच अंक लिहायची सवय मुलांना लावा. ‘पैसे दिले होते, दिले नव्हते’ हा वाद त्या चार अंकांनी जागच्या जागी मिटतो.

फोनपे, गुगल पेमध्ये सगळी हिस्टरी दिसतेच की. तेवढं पुरत नाही?

नाही. अ‍ॅपमधली हिस्टरी तुमच्या सोयीसाठी असते. तुमच्या वतीने नोंदी सांभाळण्याचं बंधन त्या अ‍ॅपने घेतलेलं नसतं. नंबर बदलला, अ‍ॅप बदललं, मर्चंट खातं बंद केलं, सेल्समनने सांगितलं म्हणून दुसऱ्या कंपनीचा क्यूआर लावला, की जुन्या याद्या मिळवणं अवघड होऊन बसतं. कायद्याने जबाबदारी तुमची आहे.

बँकांनाही अनंत काळ नोंदी ठेवाव्या लागत नाहीत. १९८५ च्या नियमांप्रमाणे बँकांनी काही दफ्तरं पाच वर्षं आणि काही आठ वर्षं जपायची असतात. जुनं स्टेटमेंट मागितलं तर मिळू शकतं, पण त्याला अर्ज, शुल्क आणि खेपा लागतात, आणि नोटिशीला उत्तर द्यायची मुदत तोवर थांबत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागच्या महिन्याचे रिपोर्ट उतरवून घ्या. पीडीएफ आणि एक्सेल, दोन्ही. पीडीएफ दाखवायला बरी, एक्सेल शोधायला.

स्वाइप मशीनच्या स्लिपा वर्षभरात कोऱ्या होतात. काय करायचं?

त्या थर्मल कागदावरच्या असतात. त्यांत शाई नसतेच. कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो आणि अक्षर उमटतं. तोच लेप ऊन, तेल, सॅनिटायझर आणि प्लॅस्टिकच्या पाउचमुळे फिका पडतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, सगळी स्लिप काळीठिक्कर पडते. गल्ल्यावरच्या खिळ्याला टोचून खिडकीशेजारी लटकवलेली चळत पावसाळ्यापर्यंतसुद्धा टिकत नाही.

रात्री बॅच क्लोज केल्यावर, म्हणजे मशीनवर दिवसाचा हिशेब बंद केल्यावर, जी एकत्रित स्लिप निघते, तिचा आणि मोठ्या रकमांच्या स्लिपांचा त्याच दिवशी फोटो किंवा स्कॅन काढा. फाईलच्या नावात तारीख घाला. मूळ स्लिपा पाकिटात घालून अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवा. मशीन देणाऱ्या बँकेबरोबरच्या करारात स्लिपा किती काळ ठेवायच्या हे लिहिलेलं असतं, कारण कार्डधारकाने व्यवहारावर हरकत घेतली तर बँक तुमच्याकडेच स्लिप मागते. ती देता आली नाही, तर माल गेलेला असतो आणि पैसेही परत जातात. इलेक्ट्रॉनिक्स आणि दागिन्यांच्या दुकानदारांनी हे फारच मनावर घ्यावं.

मी ४४एडीखाली रिटर्न भरतो. मला वह्याच ठेवायच्या नाहीत, मग नोंदी कशाला?

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो.

१९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली छोट्या धंद्याचा नफा अंदाजाने ठरवता येतो: उलाढालीच्या ८ टक्के नफा धरतात, पण डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के. तुमची उलाढाल ८० लाख असेल आणि त्यातले ६० लाख यूपीआय, कार्ड, एनईएफटीने आले असतील, तर नफा धरला जातो ३ लाख ६० हजार अधिक १ लाख ६० हजार, म्हणजे ५ लाख २० हजार. सगळं रोखीने असतं, तर ६ लाख ४० हजार. हा १ लाख २० हजारांचा फरक तुम्ही कशाच्या जोरावर मागता? पैसे डिजिटल मार्गाने आले या पुराव्याच्या जोरावर. तो पुरावा नसेल तर ६ टक्क्यांचा आग्रह धरता येत नाही. डिजिटल रक्कम त्या वर्षात किंवा रिटर्नच्या मुदतीपर्यंत जमा झालेली असावी लागते, म्हणून तारखाही महत्त्वाच्या.

मर्यादेचंही तसंच. ४४एडी वापरण्यासाठीची २ कोटी उलाढालीची मर्यादा ३ कोटींपर्यंत जाते, पण रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तरच. ४४एडीए (व्यावसायिकांसाठीची तशीच सोय) खालच्या डॉक्टर-वकिलांना ५० लाखांची मर्यादा याच अटीवर ७५ लाख होते. टॅक्स ऑडिटची (सीएकडून हिशेब तपासून घेण्याची) १ कोटीची मर्यादा १० कोटींपर्यंत जाते तीही रोखीने येणं आणि रोखीने जाणं, दोन्ही ५ टक्क्यांच्या आत ठेवल्यावर. या साऱ्या सवलती टक्केवारीवर उभ्या आहेत, आणि टक्केवारी काढायला दोन्ही बाजूंचे आकडे लागतात.

शिवाय ४४एडी ही आयकरातली सोय आहे. जीएसटी नंबर असेल तर कलम ३६ चे ७२ महिने तुम्हाला सुटत नाहीत.

घरचे पैसेही त्याच क्यूआरवर येतात. बिघडलं कुठे?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात काय झालं ते आठवा. तिथल्या व्यापारी कर विभागाने २०२१-२२ ते २०२४-२५ या वर्षांतल्या यूपीआयच्या जमा रकमा पाहून हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. त्यांत भाजीवाले होते, दूधवाले होते, बेकरीवाले होते. अनेकांनी घाबरून क्यूआर काढून टाकले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. आंदोलन पेटल्यावर राज्य सरकारने जुन्या थकबाकीची वसुली न करण्याची भूमिका घेतली. पण त्या दोन-तीन आठवड्यांत त्या माणसांची जी तगमग झाली, ती कुणाच्या वाट्याला येऊ नये.

या प्रकरणातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. यूपीआयवर जमा झालेली प्रत्येक रक्कम म्हणजे विक्री नसते. त्यात मेहुण्याने परत केलेले उसने पैसे असतात, भिशीची रक्कम असते, शेजाऱ्याला सुट्टे देऊन घेतलेले पाचशे असतात. पण चार वर्षांनी ‘हे उसने होते’ असं म्हणायचं, तर तेव्हाची नोंद दाखवावी लागते. ताज्या भाजीवर आणि सुट्या दुधावर जीएसटी नाही. फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणीचीही गरज नाही. तरीही आपण भाजीच विकतो हे दाखवायला आडत्याची बिलं लागतात. आणि करमुक्त मालाबरोबर थोडाही करपात्र माल विकत असाल, तर महाराष्ट्रात मालासाठी असलेली नोंदणीची ४० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त विक्रीही धरली जाते. सेवांसाठी मर्यादा २० लाखांची आहे.

धंद्याचा क्यूआर वेगळा, खातं वेगळं. घरचा व्यवहार चुकून त्यात आलाच, तर त्याच दिवशी रोजमेळात ‘उसनवार परत, अमुककडून’ एवढं लिहा. क्यूआर काढून टाकणं हा उपाय नव्हे. पैशांचा माग राहणं छोट्या माणसाच्या फायद्याचं असतं. त्याच जोरावर बँक कर्ज देते.

वारंवार येणाऱ्या गिऱ्हाइकांचे कार्ड नंबर लिहून ठेवू का?

अजिबात नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क (व्हिसा, रुपे वगैरे) यांच्याखेरीज कुणालाही कार्डाचा पूर्ण तपशील साठवता येत नाही. हिशेब जुळवण्यासाठी कार्डाचे शेवटचे चार अंक आणि बँकेचं नाव एवढंच ठेवता येतं. कार्डामागचा तीन अंकी सीव्हीव्ही आणि पिन तर कुणीच, कधीच साठवायचा नाही. हॉटेलं आणि ट्रॅव्हल एजन्सीवाले फोनवर कार्डाचा तपशील घेऊन डायरीत उतरवतात, ते आजच बंद करा. कायदा नोंदी जपायला सांगतो, याचा अर्थ सगळंच जपायला सांगतो असा नाही.

पैसे कापले पण जमा झाले नाहीत, अशा व्यवहारांची नोंद ठेवायची?

हो, आणि वेगळ्या पानावर. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानात केलेला यूपीआय किंवा कार्ड व्यवहार अडकला, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यात परत जायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. गिऱ्हाइकाला संदर्भ क्रमांक लिहून द्या, तुमच्याकडेही ठेवा. बऱ्याचदा गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे देऊन जातं आणि पहिली रक्कमही नंतर जमा होते. ती परत केल्याची नोंद नसेल, तर ती तुमची विक्री समजली जाईल.

नोटीस आलेली आहे किंवा अपील चालू आहे. मुदत संपली तर नोंदी काढून टाकता येतील?

नाही. जीएसटीत अपील, चौकशी किंवा तपास चालू असेल, तर अंतिम निकालानंतर एक वर्ष किंवा मूळ ७२ महिने, यांत जे नंतरचं तोवर त्या विषयाच्या नोंदी ठेवाव्या लागतात. आयकरात जुनं प्रकरण पुन्हा उघडलं, तर करनिर्धारण पुरं होईपर्यंत.

प्रायव्हेट लिमिटेड आणि एलएलपीसाठी (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीसाठी) वेगळं काही?

एलएलपीला आठ वर्षं. कंपनीला आठ वर्षं, शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल चालू असणं सक्तीचं आहे. एंट्री कुणी, कधी बदलली याचा माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं असेल, तर ही गोष्ट लेखी विचारून घ्या.

बँका आणि पेमेंट कंपन्यांनी आमची माहिती किती काळ ठेवायची असते?

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ प्रमाणे व्यवहाराच्या नोंदी व्यवहारापासून पाच वर्षं, आणि केवायसीची कागदपत्रं खातं बंद झाल्यावर किंवा संबंध संपल्यावर पाच वर्षं. ही मुदत पूर्वी दहा वर्षांची होती. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या आदेशाने पेमेंटचा सगळा डेटा भारतातच साठवावा लागतो. प्रक्रिया परदेशात झाली, तर तिथला डेटा पुसून एका कामकाजी दिवसात किंवा २४ तासांत, जे आधी असेल तेव्हा, भारतात आणावा लागतो. त्यांची ही पाच वर्षं तुमच्या सहा-आठ वर्षांच्या बदल्यात चालत नाहीत, उलट कमीच पडतात.

कोर्टात स्क्रीनशॉट चालतो का?

नुसता स्क्रीनशॉट दुबळा पुरावा आहे. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप्स निघाली आहेत हे दुकानदारांना वेगळं सांगायला नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदलली नाही हे दाखवणारा अंकाक्षरी ठसा, लिहावी लागते. त्यामुळे पोर्टलवरून उतरवलेली मूळ फाईल तशीच ठेवा, तिच्यात रंग भरणं, ओळी काढणं हे सगळं प्रतीवर करा. बँकेचं स्टेटमेंट लागणार असेल तर बँकेकडून प्रमाणित प्रत घ्या. त्यासाठी १८९१ पासूनचा बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा आहे.

दुकान बंद केलं, जीएसटी नंबर रद्द केला. आता?

मागच्या वर्षांच्या नोंदींची मुदत चालूच राहते. पेमेंट कंपनीचं खातं बंद करण्याआधी सगळे रिपोर्ट उतरवून घ्या, नंतर लॉगिन मिळत नाही.

मुदत संपल्यावर काय?

गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर असलेल्या नोंदी मग नीट नष्ट करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशा हीच आहे: काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलं नसेल, तर माहिती पुसायची. कागद फाडण्याच्या यंत्रातून काढा. भेळेच्या कागदावर कुणाचं बिल जायला नको.

ठेवायचं कुठे?

किमान दोन ठिकाणी, आणि त्यातलं एक दुकानाबाहेर. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणला बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा कॉम्प्युटर आणि वह्या एकाच खोलीत असलेल्यांचं दोन्ही गेलं. जीएसटीचा नियम ५७ हेच सांगतो: अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीत नोंदी गेल्या, तरी वाजवी वेळात परत उभ्या करता याव्यात असा बॅकअप हवा. त्याच नियमाप्रमाणे अधिकाऱ्याने मागितल्यास फायलींचे पासवर्ड आणि त्यांत वापरलेल्या सांकेतिक खुणांचा अर्थही द्यावा लागतो. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) पासवर्ड फक्त सोडून गेलेल्या अकाउंटंटला ठाऊक असेल, तर या आठवड्यात त्यांना फोन करा.